परक्या देशातल्या नव्या मिशनवरचं पहिलं वर्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कॅथलिक धर्मसंघाचे तिघं, दोन फादर आणि एक ब्रदर (पुरोहित नसलेले संघाचे सदस्य), लवकरच अशा देशात निघाले आहेत जिथे त्यांच्या संघाचं आजवर एकही घर नव्हतं. तिथल्या बिशपांनी एक धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालचा परिसर) आणि त्याला जोडलेली काही उपकेंद्रं देऊ केली आहेत. तिघांतल्या सर्वांत तरुण फादरांनी विचारलं आहे, की पहिले महिने कसे घालवावेत, कामाला कुठून सुरुवात करावी आणि निघण्याआधी कशाची तयारी करावी. मी आयुष्याचा मोठा भाग परदेशी मिशनवर काढला, आणि नंतर नव्यानं निघणाऱ्यांना तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या अनुभवातून लिहितो आहे.

फादर, तुमच्या प्रश्नातला ‘कामाला कुठून सुरुवात करावी’ हा भाग मी आधी बाजूला ठेवतो. माझं ठाम मत असं, की पहिल्या वर्षी तुम्ही कोणतंही नवं काम सुरू करू नये. शाळा नको, दवाखाना नको, युवक मंडळ नको, चर्चचं नवं छप्परसुद्धा नको. रोजची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), प्रार्थना, भाषेचा अभ्यास आणि लोकांच्या घरी जाऊन बसणं, एवढंच. ऐकायला हे आळशीपणाचं वाटतं, आणि तुमच्या वयाला तर ते फारच जड जाईल. पण पहिल्या वर्षी लोकांशी जे नातं जुळतं ते पुढे बदलता बदलत नाही. तुम्ही योजना आणि पैसा घेऊन उतरलात, की लोकांच्या लेखी तुम्ही देणारे ठरता. देणाऱ्याला कुणी तोंडावर सांगत नाही की तुमचं चुकतंय. तुम्ही काहीच न येणारा पाहुणा म्हणून गेलात तर तेच लोक तुम्हाला शिकवायला घेतात. बाजारात भाव कसा विचारायचा, म्हाताऱ्यांसमोर कसं बसायचं, कुणाच्या मरणघरी किती वेळ थांबायचं, सगळं. ज्यानं आपल्याला शिकवलं त्याच्यापुढे आपण साहेब होत नाही, आणि ते नातं पुढे पन्नास वर्षं पुरतं.

हे वर्ष तिथे गेल्यावर मागून मिळत नाही, आधी लिहून घ्यावं लागतं. बिशपांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यांची अडचण मोठी असते. एक फादर आजारी, दुसरे शिकायला गेलेले, चार धर्मग्राम रिकामे. तुम्ही तिसऱ्या महिन्यात मोडकीतोडकी भाषा बोलू लागलात की निरोप येतो, ‘तात्पुरतं त्या केंद्राचं बघाल का?’ हे तात्पुरतं कधी संपत नाही. म्हणून संघाच्या वरिष्ठांनी बिशपांशी जो लेखी करार करायचा असतो, त्यात भाषेसाठी पूर्ण एक वर्ष असं स्वच्छ लिहिलेलं असू द्या. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत याला आधार आहे. संघाचं घर उघडण्याआधी बिशपांची लेखी संमती लागते (कलम ६०९), आणि बिशपांनी संघाकडे सोपवलेल्या कामांबद्दल लेखी करार लागतो (कलम ६८१). धर्मग्रामाचा करार वेगळा (कलम ५२०). काम कोणतं, माणसं किती, खर्च कुणी करायचा, गाडी कुणाच्या मालकीची, घर आणि जमीन कुणाच्या नावावर, मतभेद झाले तर कुणाकडे जायचं, हे सगळं त्यात यायला हवं. जमिनीवरून आणि गाडीवरून संघ आणि धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) यांच्यात जितकं बिनसतं तितकं धर्मतत्त्वावरून बिनसताना मी पाहिलं नाही. शिवाय मिशनच्या प्रदेशात संघाचे लोकही बिशपांच्या सूचनांना बांधलेले असतात (कलम ७९०), हे तिघांनीही मनात पक्कं ठेवा. तुम्ही त्यांच्या घरी जाताय.

सोबत नेण्याच्या कागदांबद्दल एवढंच, की प्रोव्हिन्शिअलांचं (संघाच्या प्रांतप्रमुखांचं) ओळखपत्र, दीक्षेचा दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पदव्यांच्या साक्षांकित प्रती दोन-दोन संच करून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार तिथल्या बिशपांकडून लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर जाऊन मग बघू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याचा त्रास पुढे तुम्हाला होतो आणि स्थानिक चर्चलाही.

आता भाषा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

१५२४ साली मेक्सिकोत बारा फ्रान्सिस्कन उतरले. त्यांच्याकडे ना व्याकरण होतं ना शब्दकोश. त्यांच्याच संघाच्या इतिहासात नोंद आहे, की आपलं गांभीर्य बाजूला ठेवून ते लहान मुलांबरोबर काड्या आणि खडे घेऊन खेळायला बसत. जवळ कागद आणि शाई असायची. मुलांच्या तोंडून शब्द ऐकला की लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी एकमेकांशी ताडून पाहायचे. एका स्पॅनिश विधवेचा मुलगा स्थानिक मुलांत खेळून नाहुआट्ल भाषा शिकला होता, तो त्यांचा दुभाषा झाला. पुढे तोच आलोन्सो दे मोलिना या नावानं फ्रान्सिस्कन झाला, आणि त्याचा शब्दकोश १५५५ साली छापला गेला. पाचशे वर्षं झाली, तरी यापेक्षा चांगली पद्धत मला सापडलेली नाही. मुलं चूक लगेच सुधारतात आणि कंटाळत नाहीत, मोठी माणसं भिडेपोटी सोडून देतात. फक्त हे शिकणं अंगणात, सगळ्यांच्या देखत, घरच्या माणसांच्या समोर असू द्या. एकट्या मुलाला खोलीत कधीही घेऊ नका. २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची व्यवस्था उभारणं बंधनकारक केलं. तुमच्या धर्मप्रांताचे मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि तिघांनी मिळून वाचा.

भाषेची शाळा असेल तर तिथे जाच. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बात आणि टांझानियातल्या मुसोमाजवळ मेरीनॉल संघानं चालवलेल्या भाषाशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मिशनरी तयार केले. शाळेत व्याकरणाचा पाया पक्का होतो, तो गावात होत नाही. किती वेळ लागेल याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या भाषा संस्थेचे आकडे पाहा. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला कामापुरती स्वाहिली यायला साधारण ९०० तास वर्गात बसावं लागतं. चिनी, जपानी किंवा अरबीला २२०० तास. हे सगळं शिक्षक, वर्ग आणि अभ्यासाला पूर्ण वेळ असताना. मग धर्मग्राम सांभाळत फावल्या वेळात कोणती भाषा येणार? पण शाळा संपली म्हणजे भाषा आली असंही नाही. तिथून निघून थेट एखाद्या कुटुंबात काही आठवडे राहा. तिघांनी तीन वेगळ्या घरी. एकत्र राहिलात तर रात्री आपलीच भाषा बोलाल.

बऱ्याच देशांत शहरात, शाळेत आणि मिस्सेत एक भाषा असते, आणि स्वयंपाकघरात, शेतात, मरणघरी दुसरी. मिशनरी पहिली शिकतात आणि थांबतात. आधी देशभाषा नीट शिका, ते बरोबरच आहे. पण दुसऱ्या वर्षी गावची भाषा हाती घ्या. माणसं रडतात आणि भांडतात त्या भाषेत, आणि पापनिवेदनही त्याच भाषेत मनापासून होतं.

एका धोक्याबद्दल मी प्रत्येक तुकडीला सांगतो. मिस्सेचा मजकूर छापील असतो. दोन-तीन महिन्यांत तुम्ही तो सुरेख वाचायला लागाल. लोक कौतुक करतील, टाळ्या वाजवतील, आणि आपल्याला भाषा येते असं तुम्हाला खरंच वाटायला लागेल. ती आलेली नसते. प्रवचन पहिलं वर्षभर लिहूनच द्या, पाच मिनिटांचं. आदल्या दिवशी कॅटेकिस्टकडून, म्हणजे गावातल्या धर्मशिक्षकाकडून, दुरुस्त करून घ्या. मिस्सा झाल्यावर बाहेर उभ्या असलेल्या एखाद्या आजीला विचारा, ‘मी आज काय म्हणालो?’ ती जे सांगेल ते तुमचं खरं प्रवचन. आणि काही काळ पापनिवेदनाला लोक तुमच्याकडे मुद्दाम येतील, कारण तुम्हाला फारसं कळत नाही. येऊ द्या. क्षमा देवाची असते. पण कुणाला सल्ला देण्याच्या भरीस पडू नका.

आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स ठाऊक असतात. हा इंग्रज येशूसंघी (जेझुइट) १५७९ साली गोव्यात उतरला, आणि त्याचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर इथे छापलं गेलं ते १६१६मध्ये. मध्ये सदतीस वर्षं गेली. तुम्हाला पुराण लिहायचं नाही, पण हा कालावधी मनात ठेवा. दहाव्या वर्षीही आपण शिकतच असतो.

भाषेच्या खालोखाल मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लोक तुम्हाला कुणाच्या रांगेत बसवतात? परका माणूस गावात आला की गाव त्याला आपल्या ओळखीच्या कुठल्या तरी जागी बसवतं. सरकारी माणूस, व्यापारी, खाणीच्या कंपनीचा माणूस, मदतसंस्थेचा माणूस, जुन्या गोऱ्या मिशनऱ्यांचा वारसदार. ही जागा तुम्ही निवडत नाही, पण सुरुवातीच्या वागण्यानं ती पक्की होते. मत्तेओ रिची आणि मिकेले रुज्जिएरी हे दोन इटालियन येशूसंघी १५८३ साली चीनमधल्या झाओचिंगला राहायला गेले तेव्हा त्यांनी डोकी भादरली आणि बौद्ध भिक्षूंची वस्त्रं घातली. धर्माची माणसं म्हणून ओळख व्हावी हा हेतू. पण त्या काळच्या चिनी अधिकारी वर्गात भिक्षूंना फारसा मान नव्हता, आणि ज्या विद्वानांशी त्यांना बोलायचं होतं ते त्यांना बरोबरीनं वागवत नव्हते. १५९५मध्ये रिचीनं दाढी-केस वाढवून विद्वानांचा पोशाख घेतला. म्हणजे आपण कुणाच्या रांगेत बसलो आहोत हे उमगून ती जागा बदलायला त्याच्यासारख्या बुद्धिमान माणसालाही बारा वर्षं लागली.

तुमच्यासाठी याचा अर्थ अगदी रोजचा आहे. विमानतळावरून गावात कुणाच्या गाडीतून जाता, पहिलं जेवण कुणाकडे घेता, पोलीस ठाण्यात आणि मुख्याधिकाऱ्याकडे कोण ओळख करून देतं, पुढच्या सीटवर कुणाला बसवता, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गावात दोन घराणी किंवा दोन टोळ्या असतील आणि तुम्ही एकीच्या पाहुणचाराला तीनदा गेलात, तर दुसरी तुमच्या चर्चला येणं सोडेल आणि का ते कुणी सांगणार नाही. म्हणून पहिल्या भेटी कॅटेकिस्टला आणि धर्मग्राम मंडळाच्या वडीलधाऱ्यांना ठरवू द्या. नकाशावर प्रत्येक घर मांडा, कोण कुणाचं ते विचारा, आणि कुठे गेलो याची नोंद ठेवा.

कॅटेकिस्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या फादरांकडून त्यांचा मान राहत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आपण जायच्या आधी चर्च तिथे असतं. कोरियात पहिला बाप्तिस्मा झालेला विद्वान यी सुंग-हुन १७८४ साली पेकिंगहून परतला. फादर मात्र पहिल्यांदा पोचले १७९४च्या अखेरीस, चिनी फादर झोउ वेनमो. तोवर तिथे सुमारे चार हजार श्रद्धावंत जमा झाले होते, सगळे सामान्य लोकांनी घडवलेले. युगांडात १८७९ साली गेलेल्या ‘व्हाइट फादर्स’ या मिशनरी संघाच्या फादरांना १८८२च्या अखेरीस देश सोडावा लागला. ते १८८५मध्ये परतले तेव्हा नवशिक्यांनीच नवशिक्यांना शिकवून समाज वाढवलेला होता. त्याच समाजातले २२ जण पुढच्या दोन वर्षांत श्रद्धेसाठी मरण पत्करून हुतात्मे झाले. १९६४मध्ये त्यांना संतपद मिळालं. तेव्हा उपकेंद्रात गेल्यावर जो साठीचा माणूस तुम्हाला किल्ली आणून देतो, त्यानं कदाचित तीस वर्षं फादरांशिवाय दर रविवारी प्रार्थना चालवली आहे, मेलेल्यांना पुरलं आहे, मुलांना धर्मशिक्षण दिलं आहे. त्याच्या घरी जा. तुमच्या आधीच्या फादरांबद्दल त्याला काय वाटतं ते ऐका, आणि त्या फादरांबद्दल स्वतः एक शब्दही वाईट बोलू नका. सभेत त्याला लोकांसमोर दुरुस्त करू नका. त्याचं मानधन थकलं असेल तर ते मिळवून देणं हे पहिल्या वर्षातलं चांगलं काम आहे. नवं काम सुरू करू नका म्हटलं, त्यात हे बसत नाही. हे जुनं देणं आहे.

आता पैसा. इथे मी कडक बोलणार आहे.

तुम्ही स्वतःला गरीब समजत असाल, पण गावाच्या नजरेत ज्याच्याकडे गाडी, पासपोर्ट आणि परदेशी फोन आहे तो श्रीमंतच. पहिल्याच आठवड्यात दारात माणसं येतील. मुलाची फी, आईचं औषध, शवपेटीचे पैसे. गोष्टी बहुतेक खऱ्या असतील. तरीही पहिल्या वर्षी कुणालाही व्यक्तिशः पैसे देऊ नका आणि उसने तर मुळीच देऊ नका. मन घट्ट करा म्हणून मी हे सांगत नाही. कुणाची गरज किती, कुणाला कुणाकडून मदत मिळायला हवी, कुठला नातलग जबाबदारी टाळतोय, हे तुम्हाला अजून कळत नाही. तुमच्या वीस नोटांनी एखाद्या मामाचं कर्तव्य संपतं आणि भाच्याचं त्याच्याशी नातं तुटतं. मदत करायचीच, ती धर्मग्रामाच्या समितीमार्फत करा. नसेल तर समिती नेमण्याची विनंती त्यांनाच करा. जिवावरचा प्रसंग असेल तर नियम विसरा आणि आजाऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात न्या.

मायदेशातले दाते आणि हितचिंतक तुम्ही जाण्याआधीच विचारतील, ‘तिथे काय हवंय?’ उत्तर द्या, ‘अजून माहीत नाही, वर्षानं सांगतो.’ पैसा हातात आला की तो खर्च करायला प्रकल्प शोधावा लागतो, आणि मग लोक तुम्हाला हवं ते उत्तर देतात. विहीर हवी का? हो. शिवणयंत्रं हवीत का? हो. नको कोण म्हणेल? असं बांधून बंद पडलेलं कितीतरी मी पाहिलं आहे. पंप बिघडला की गावकरी म्हणतात, फादरांचा पंप बिघडला. एकदा ‘फादरांचा’ झाला की तो पंप गाव दुरुस्त करत नाही. हिशेब पहिल्या दिवसापासून लिहा. संघाचं खातं वेगळं, धर्मग्रामाचं वेगळं. धर्मग्रामाच्या खात्यावर दोघांच्या सह्या, त्यातली एक स्थानिक माणसाची. दर तीन महिन्यांनी हिशेब लोकांसमोर वाचा. स्वयंपाकीण आणि पहारेकरी यांना त्या देशाच्या कामगार कायद्यानुसार लेखी करार आणि सुट्टी द्या. मिशनवरचे कोर्टकज्जे बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

तुम्ही तिघं एकत्र कसे राहाल याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. परकी माणसं, डास, रस्ते, अन्न यांनी कुणी मिशन सोडून परत येताना मी क्वचित पाहिलं. परत येतात ते शेजारच्या खोलीतल्या बांधवामुळे. कार्डिनल लाव्हिजरी यांनी १८६८ साली व्हाइट फादर्स संघ स्थापला तेव्हा नियमच केला, की एका ठिकाणी तिघांपेक्षा कमी कधी ठेवायचे नाहीत. एकटा खचतो, दोघं भांडतात, तिसरा सावरतो. तेव्हा तिघं आहात ही मोठी कृपा आहे. एकाला दूरच्या उपकेंद्रात कायमचं राहायला पाठवा, असं कुणी म्हणालं तर पहिली दोन वर्षं नम्रपणे नकार द्या. दिवसातून एकदा तिघांनी एकत्र जेवा आणि एकदा एकत्र प्रार्थना करा. आठवड्यातून एकदा दार लावून तासभर बसा, त्यात कामाचं बोलायचं नाही. कुणाला काय खुपलं, कुणाला झोप लागत नाही, कुणाला घरची आठवण येते, एवढंच. पहिल्यांदा अवघड वाटेल, पण हा तास मोडू देऊ नका.

ब्रदरांची काळजी विशेष घ्या. फादरांना मिस्सेमुळे आपोआप मान मिळतो, भाषा आली नाही तरी. ब्रदरांना तो मिळत नाही. पहिल्या वर्षी काम नसल्यामुळे आपण कशाला आलो असं त्यांना सर्वांत आधी वाटतं. भाषेच्या शाळेत त्यांना तितकाच वेळ आणि तितकाच पैसा द्या. गाडी, स्वयंपाकघर आणि बँक त्यांच्या गळ्यात बांधून दोघं फादर अभ्यासाला बसले, असं होऊ देऊ नका.

फोनबद्दल. घरी बोलायला हवंच. आई-वडील वाट पाहत असतात. पण रोज रात्री दोन तास मायदेशाच्या बातम्या, मित्रांचे गट आणि तिकडच्या धर्मप्रांतातल्या बदल्या पाहत राहिलात तर शरीर एका देशात आणि मन दुसऱ्या देशात राहील. आठवड्याचे दिवस ठरवा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते काळजी करणार नाहीत.

पहिल्या वर्षाच्या मध्याला केव्हातरी मन खाली जाईल. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६०मध्ये मिशनऱ्यांसाठीच्या एका मानववंशशास्त्रीय नियतकालिकात याचं वर्णन केलं आहे. आधी सगळं सुंदर वाटतं, मग चीड येते, मग हळूहळू जम बसतो. त्यांनी दिलेली लक्षणं आजही तंतोतंत लागू पडतात. हात सारखे धुणं, पाणी आणि अंथरूण यांची अवाजवी काळजी, आपण फसवले जातोय ही भीती, आणि भाषा शिकायची टाळाटाळ. ‘ही माणसं अशीच’ हे वाक्य जेवणाच्या टेबलावर वारंवार यायला लागलं की समजा, तिघांपैकी कुणीतरी थकलं आहे. त्याला उपदेश करू नका. चार दिवस दुसऱ्या गावी, दुसऱ्या संघाच्या घरी पाठवा. संत जोसेफ फ्रायनाडेमेट्झ १८७९मध्ये चीनला गेले तेव्हा सुरुवातीला त्यांनाही तिथली माणसं आवडली नव्हती, आणि त्यांच्या पत्रांत ते दिसतं. तेच पुढे इतके चिनी झाले की १९०८मध्ये टायफसच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करताना तिथेच वारले. त्या सुरुवातीच्या भावनेची लाज बाळगू नका, फक्त ती लोकांसमोर बोलू नका. एक आध्यात्मिक मार्गदर्शक तुमच्या संघाबाहेरचा शोधा, शक्यतो त्याच देशातला. संध्याकाळी एकट्यानं पिण्याची सवय लागत असेल तर ती पहिल्या महिन्यात ओळखा.

तब्येतीचं थोडक्यात. हिवतापाच्या प्रदेशात ताप आला की तपासणी त्याच दिवशी. प्रतिबंधक गोळ्या घेत असलात तरी. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र तेव्हाच ग्राह्य होतं. परतल्यानंतर काही महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरांना देशाचं नाव सांगायचं.

शेवटी स्थानिक चालीरीती आणि उपासना. आज आपल्या सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या विद्यालयात) संस्कृतीशी समरस होण्याबद्दल चांगलं शिकवलं जातं, त्यामुळे नवा फादर गेल्या गेल्या स्थानिक ढोल, नृत्य, पूर्वजांचे विधी मिस्सेत आणायला निघतो. थांबा. पूर्वी मिशनरी न समजता मनाई करत असत. न समजता परवानगी देणं हेही तितकंच उपरेपणाचं आहे. तो ढोल कशासाठी वाजवतात, कुणी वाजवायचा, त्या गावच्या जुन्या कॅथलिक कुटुंबांनी तो कशासाठी सोडला, हे तुम्हाला माहीत नाही. कधी कधी त्या सोडण्यात त्यांच्या आजोबांनी मोठी किंमत मोजलेली असते. रोमच्या धर्मप्रसार मंडळानं १६५९ सालीच मिशनऱ्यांना लिहिलं होतं, की श्रद्धेला आणि नीतीला उघड विरोध नसेल तर लोकांच्या रीती बदलू नका, चीनमध्ये फ्रान्स किंवा स्पेन नेण्याइतकं वेडगळ काही नाही. तरीही चिनी पूर्वजविधींवरून वाद पेटला. १७०४ आणि १७४२मध्ये रोमकडून मनाई झाली आणि ती उठायला १९३९ उजाडलं. दोन्ही बाजूंना विद्वान होते. मग तीन महिन्यांपूर्वी आलेल्या आपण निकाल का द्यावा? कुणी विचारलं, ‘फादर, हा विधी केला तर चालेल का?’, तर त्याला विचारा, ‘तुझे वडील काय करत? कॅटेकिस्ट काय म्हणतात? धर्मप्रांतात काय ठरलंय?’ बिशपांचं मार्गदर्शन असेल तर ते पाळा. निर्णय तिथल्या चर्चचा असू द्या.

राहिला घरी पाठवायच्या पत्रांचा आणि फोटोंचा विषय. संघाच्या मासिकाला लेख हवा असतो, दात्यांना फोटो हवे असतात. उघड्या अंगाच्या मुलांचे, आजाऱ्यांचे, मोडक्या घरांचे फोटो पाठवू नका, त्यांनी पैसे पटकन येत असले तरी. त्या मुलाचा मामा शहरात शिकतोय आणि त्याच्याकडे फोन आहे. तुमचं लिखाण तो वाचेल. ज्याचा फोटो घ्यायचा त्याला आधी विचारा, आणि लेख धाडण्याआधी कॅटेकिस्टना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. वाचता येण्याइतकी भाषा आली नसेल, तर लेख पुढच्या वर्षी पाठवा आणि संपादकांना तसं कळवा.